बरगड्यांमधली वाट

गेल्या पौषात, सकाळी, नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात माझी आई वारली. फुप्फुसाभोवती साठलेला पू काढण्यासाठी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती.

शिरड शहापूरला, आमच्या गावी, आईला ताप आला आणि उजव्या कुशीत कळ सुरू झाली, तेव्हा तिची धाकटी बहीण, माझी मावशी, घरी होती. आमच्याकडे लावतात तसा मावशीने बिब्बा गरम करून दुखऱ्या जागी लावला. बिब्बा उतला, फोड फुटले, जखम चिघळली.

नांदेडला आणल्यावर, छाती उघडणे आईच्या कमजोर हृदयाला झेपणार नाही, असे तिथल्या सर्जनचे मत पडले. दोन बरगड्यांमध्ये लहान छिद्र पाडून, कॅमेरा घालून पू काढायचा, एवढाच मार्ग होता. पूर्वी छिद्रात धातूची ताठ नळी बसवत. सरळ हत्यारे बरगडीला अडत. आता त्यांच्याकडे मऊ नळी होती आणि टोक वळणारी हत्यारे होती. त्यामुळे कोपऱ्यातही पोचता येते, असे ते समजावत होते.

“आमच्या घरात शिरायचं तर वाकूनच यावं लागतंय, डॉक्टरसाहेब,” आई म्हणाली.

सर्जन हसले. मग त्यांनी कुशीवरचे फडके काढले.

छिद्र जिथे हवे होते तिथेच बिब्ब्याची जखम होती. तिच्यातून हत्यार घालता येत नव्हते, आणि ती भरेपर्यंत थांबताही येत नव्हते. शस्त्रक्रियेत छिद्र खाली, पाठीकडे घेतले. तिथे बरगड्या एकमेकींच्या जास्त जवळ असतात. मऊ नळी दबली. हत्याराचे टोक वळत होते, पण मागचा दांडा हलायला जागा नव्हती. खालचा पू निघाला. वर चिकटलेला पुवाचा एक कप्पा राहिला. सर्जनने बाहेर येऊन हे सांगितले. आधी ठरवलेल्या जागेतून तिथे पोचता आले असते का, असे मी विचारले. बहुतेक आले असते, ते म्हणाले.

मावशी माझ्या शेजारीच उभी होती.

“आमी तर बिब्बाच लावतो,” ती म्हणाली. “तिथूनच आत जायचंय, हे मला काय म्हाईत?”

ताप उतरला आणि पुन्हा चढला. आईने मावशीचा हात धरून, आता कुशीत काही दुखत न्हाई, असे सांगितले. त्याच दिवशी दुखण्याचे औषध वाढवले होते.

प्रेत वसमतमार्गे शिरडला आणले. बायकांनी आत आंघोळ घातली. मावशी गाडीतून उतरल्यापासून अंगणातच बसून होती. ती घरात गेली नाही.