एका वेळी एकच पौलस

पौलस हे नाव आमच्या घरात रोमहून आलं, अहमदनगरमार्गे. मूळ रोमन, अर्थ ‘लहान’. पणजोबा पौलस होते. ते गेल्यावर जन्मलेले काका पौलस झाले. काका विशीत गेले आणि पुढच्या वर्षी माझ्या भावाला ते नाव मिळालं. घरात एका वेळी एकच पौलस, हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण मोडला कुणीच नव्हता.

भावाने आयुष्यात पहिला शब्द वाचला तो स्वतःचं नाव, काकांच्या कबरीवर. पप्पांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या होत्या. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून त्याला नावानेच हाक मारते.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. दर शनिवारी मी दिल्लीतल्या द्वारकेहून फरीदाबादला जायचे, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, त्याच्या डायलिसिसला सोबत म्हणून. एकदा मशीनला जोडलेला असताना तो मोबाइलवर आपलं नाव शोधत बसला.

“सेनापती, न्यायाधीश, संत... ताई यार, सगळे गेलेले. जिवंत एकही दाखवत नाहीये.”

मी हसले. हसायला नको होतं.

मला मुलगा झाला. पप्पा भावाला घेऊन आले, बाळाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “याला पौलस म्हणू या.”

भाऊ समोरच बसला होता. पप्पांनी मनातल्या मनात त्याला पुरूनही टाकलं होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण मी गप्प बसले. त्या भित्रेपणाचा मला अजून राग येतो.

भाऊच म्हणाला, “बिल्कुल. नाव चालू राहील.”

बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळ त्याच्याच हातात होतं. पाळकांनी विचारलं, “बाळाचं नाव?” वर्गात हजेरी द्यावी तसं त्याने खणखणीत सांगितलं, “पौलस.”

चर्चमधून सगळे आमच्याकडे आलो. भर दुपार होती. तो बाळाला मांडीवर घेऊन बाल्कनीत बसला. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, “पौलस, चहा झाला.” ओ नाही. पुन्हा मारली. दारातून त्याची पाठ दिसत होती, ती जराही हलली नाही. गाळणं तसंच टाकून मी धावले.

तो डोळे उघडे ठेवून खाली रस्त्याकडे पाहत होता.

“अरे, ओ का देत नाहीस?”

“हळू बोल ना, ताई,” तो म्हणाला. “आत्ताच झोपलाय पौलस.”