बिबट्याच्या कातडीखालची चिप

"चिप नाही," वनखात्याच्या रेंजर साहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि पिंजऱ्याभोवतीची माणसं आणखी पुढं सरकली. काहींच्या हातात काठ्या होत्या.

ही दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. पारगावच्या पलीकडं उसाला लागून आमच्या दाजींची, म्हणजे माझ्या आक्काच्या मालकांची वस्ती आहे. तिथं लावलेल्या पिंजऱ्यात पहाटे बिबट्या अडकला होता. थोडे दिवस आधीच गवत कापताना बिबट्यानं आक्काचा खांदा धरला होता. ती वाचली, पण टाके घेऊन माझ्याकडं मंचरला पडून होती. वस्तीवर परत जायचं नाव काढत नव्हती. म्हणून मी सकाळीच स्कूटर काढून आलो होतो.

त्या काळात पकडलेल्या बिबट्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायला सुरुवात झाली होती. रीडर नावाचं यंत्र जवळ धरलं की चिपचा नंबर दिसायचा. साहेबांनी वस्तीला शब्द दिला होता, की चिप सापडली तर हा आधी पकडून सोडलेला बिबट्या आहे, याला पुन्हा सोडणार नाही, बिबट्यांच्या निवारा केंद्रात कायमचा ठेवू. नाही सापडली तर नवीन चिप बसवून भीमाशंकरच्या बाजूला जंगलात सोडू. भीमाशंकर काय फार लांब नाही. वस्तीला तेच नको होतं.

मी मंचरला विजेच्या मोटारी रिवाइंड करतो. जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, एवढंच ते काम. त्याआधी रेडिओ दुरुस्त करायचो. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे शिकलो ते शॉक खाऊन. याच साहेबांनी एकदा ऑफिसचा पंप माझ्या दारावरून पुण्याला नेला होता. गावातल्या कॉइलवाल्याकडं टाकायला तो काय सायकलचा पंप आहे का, असं म्हणाले होते. हे मी विसरलो नव्हतो. अजूनही नाही.

रीडर डॉक्टर मॅडमच्या हातात होता. जनावरांच्या डॉक्टर, वयानं तरुण, पण पिंजऱ्याच्या सगळ्यात जवळ त्याच उभ्या होत्या. बेशुद्ध का करत नाही, असं मी विचारलं. जनावर पाण्यावाचून थकलंय, इंजेक्शननं मरू शकतं, म्हणाल्या. म्हणून बाहेरूनच तपासणं चाललं होतं.

मी रीडर बघितला. आत कॉइल होती, हे उघडच होतं. त्या कॉइलमध्ये वीज सेकंदाला अडीच लाखाच्या आसपास वेळा दिशा बदलते, त्यामुळं भोवतीचं चुंबकत्वही तसंच बदलत राहतं. चिपमध्येही केसाहून बारीक तारेची कॉइल असते. बदलतं चुंबकत्व तिच्यातून गेलं की तिच्यात वीज तयार होते. चिपला ना बॅटरी, ना वायर. बाहेरून मिळेल तेवढ्या विजेवर ती जागी होते आणि नंबर सांगते. अडचण अशी, की लांब गेलं की हा जोर भराभर पडतो. अंतर दुप्पट केलं तर जवळजवळ आठवा हिस्साच उरतो. त्यात पिंजरा लोखंडाचा, आणि जनावरानं डोकं आपटू नये म्हणून वस्तीवरच्या पोरांनी पिंजरा लावतानाच आतून तीन बाजूंना पत्रे ठोकलेले. मोटारीत पातळ पट्ट्यांचं लोखंड आपल्या कामाचं असतं. पण इतक्या वेगानं बदलणारं चुंबकत्व असा सलग पत्रा खाऊन टाकतो.

"मॅडम, शिल्लक चिप आहे का?" मी विचारलं.

त्यांनी एक दिली. ती उसाच्या टोकाला दोऱ्यानं बांधली. मोकळ्यावर रीडर वीतभर अंतरावरून बोलला. तोच ऊस गजांतून आत हातभर सरकवला. रीडर गप्प.

"साहेब, ही चिप आहे हे आपल्याला माहीत आहे," मी म्हणालो. "तीसुद्धा दिसत नाही. मग त्याला चिप नाही हे कशावरून सांगता?"

मागून कोणीतरी म्हणालं, "साहेबांना घाई हाय, राव. घरी जेवाण थांबलंय."

लोक हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. साहेब माझ्याकडं बघत होते. तुम्ही काही करू शकता का, असं त्यांनी विचारलं.

"करतो. एक अट आहे."

"किती?"

"पैसे नकोत. नंबर निघाला तर इथं मोठ्यानं वाचायचा. आणि हा आधी कुठं धरला होता तेही सांगायचं."

ते ऑफिसात बघून सांगू म्हणाले. मी स्कूटरला किक मारली. माझं डोकं तापलं की मी घासाघीस करत नाही, निघतो. ती पण घासाघीसच असते.

"साहेब, हो म्हणा," मॅडम म्हणाल्या. "ऊन चढलं तर हा असाही मरेल."

साहेब हो म्हणाले. मी मंचरला दुकान गाठलं.

मला रीडर आणि चिप यांच्यामध्ये तिसरी कॉइल घालायची होती. झोपाळ्याला बरोबर वेळेवर हलका धक्का देत गेलं तर तो उंच जातो. तसं कॉइलला योग्य कंडेन्सर जोडला, की ती रीडरच्या चालीवर डोलायला लागते आणि त्याचा जोर आपल्याजवळ साठवून पुढं देते. वेगळी वीज लागत नाही. प्लास्टिकच्या जाड नळीचं कडं करून त्यावर बारीक तारेचे सत्तर-ऐंशी वेढे घातले. जुन्या रेडिओतला गँग काढला. रेडिओवर स्टेशन लावताना बटण फिरवतो, त्यामागं असतो तो कमीजास्त होणारा कंडेन्सर.

घर दुकानामागंच, आक्का दारात येऊन उभी राहिली. "त्योच हाय का रं?"

"ते चिपला कळत न्हाई. आधी धरलेला हाय का, एवढंच कळंल."

"आन न्हाई निघाली तर सोडत्याल?"

"सोडत्याल."

ती दुखऱ्या खांद्यावरचा पदर घट्ट धरून माझ्या हातातल्या तारेकडं बघत राहिली.

परत आलो तेव्हा दाजींनी लोकांना कसंबसं बांधापलीकडं रोखलं होतं. कडं बांबूच्या टोकाला बांधलं, गँग माझ्या हाताशी ठेवला, कारण लोखंडाजवळ गेल्यावर चाल बिघडणार आणि तिथंच पुन्हा जुळवावी लागणार होती. आधी उसावरच्या चिपवर पाहिलं. गँग फिरवता फिरवता रीडर पत्र्याच्या आतूनही बोलला. मग ऊस बाहेर काढला.

बांबू आत घातला तसा बिबट्यानं झडप घातली. बांबू कचकन चावला. माझे हात कोपरापर्यंत हादरले, पण कडं शाबूत होतं.

"शेपटीच्या बुडाशी, डावीकडं," मॅडम म्हणाल्या. "तिथंच बसवतात. कधी थोडी सरकते."

तो मागचा भाग कोपऱ्यात दाबून बसला होता. दाजींनी समोरून गोणपाट हलवलं. तो तिकडं वळून गुरगुरला, तेवढ्यात मी कडं मागं नेलं. मॅडमनी गजांबाहेरून रीडर कड्याच्या रेषेत धरला. गँग फिरवला. काही नाही. आडवी कॉइल उभी केली, कारण चिपच्या कॉइलच्या आरपार चुंबकत्व गेलं नाही तर जवळ असूनही ती उठत नाही. पुन्हा फिरवला. काही नाही. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता. बोटभर खाली नेलं आणि अगदी हळू फिरवलं.

रीडर वाजला.

साहेबांनी नंबर वाचला. मोठ्यानं वाचला, हे मान्य करतो. मग थांबले.

"आणि ठिकाण," मी म्हणालो.

त्यांनी वायरलेसवर ऑफिसला विचारलं. उत्तर सगळ्यांनी ऐकलं. जुन्नरकडं एका विहिरीत पडला होता, काढून जंगलात सोडला होता.

"म्हंजे त्यांचा काढला न् आमच्या गळ्यात बांधला," एक म्हातारबा म्हणाले.

"बाबा, तो त्याच्या पायानं आलाय," साहेब म्हणाले. आवाज खाली गेला होता. "दिलेला शब्द पाळतो. हा परत सुटणार नाही."

दुपारच्या आत गाडी पिंजरा घेऊन केंद्राकडं गेली. माझी कॉइलही त्यातच गेली. पुढं एका कार्यक्रमात साहेबांनी 'आमच्या टीमनं शोधलेला उपाय' म्हणून ती दाखवली, असं मॅडमनी मला फोनवर सांगितलं. त्यांनी स्वतः तिथंच उभं राहून माझं नाव घेतलं, हेही त्यांनीच सांगितलं. साहेबांचा फोन आजवर आलेला नाही.

टाके निघाल्यावर आक्का वस्तीवर गेली. गवताला एकटी मात्र जात नाही.

यंत्र गप्प बसलं की दोन शक्यता असतात. एक तर आत काही नसतं, नाहीतर आपली वीज तिथवर पोचलेली नसते. गिऱ्हाईक मोटार जळाली म्हणून छातीठोक सांगत येतं. मी मोटार उघडायच्या आधी त्याला फ्यूज बघून यायला परत पाठवतो.