जेवणाला साडी चालत नाही

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. मित्रांजवळ नाही, मुलीजवळ नाही. जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच — आणि तिला आता सांगण्यासारखं काही उरलेलंही नाही, कारण तिला ते ठाऊक आहे. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. रस्त्यात भेटलात तर माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहणार नाही, म्हणून असेल.

सानगडीला माझं पंपांचं दुकान आहे. पंप, पाइप, स्टार्टर, केबल. भोवती सगळी धानाची शेती, त्यामुळे दुकान बरं चालतं. ज्या कंपनीचे पंप मी विकतो ती कंपनी चांगला धंदा करणाऱ्या दुकानदारांना वर्षाकाठी कुठं तरी फिरायला नेते, जोडीनं. काही वर्षांपूर्वी माझाही नंबर लागला, आणि त्या वेळी सहल होती जहाजावर. मुंबईहून निघायचं, समुद्रात राहायचं, गोव्याला उतरून परत यायचं.

कुंदानं — माझ्या बायकोनं — तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. मी तरी कुठे नीट पाहिला होता?

कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं होतं की एका संध्याकाळी मोठं जेवण असतं, त्याला जरा नटूनथटून यायचं. झालं, घरात दुसरा विषयच नाही. जहाजावर जेवायला जायचं तर घालायचं काय? मी भंडाऱ्याला जाऊन कोट शिवून घेतला. कुंदाला मात्र आळीतल्या बायकांनी भंडावून सोडलं. कोणी म्हणे पंजाबी ड्रेस घे, कोणी म्हणे तिथं गाऊनच लागतो. कुंदा हसत सुटायची. “गाऊन घालून मी आरशासमोर गेली तं आरसा हासन माह्यावर,” म्हणायची.

शेवटी हा प्रश्न तिच्या वडिलांनी सोडवला. मामाजी आंधळगावचे. आयुष्यभर हातमागावर बसलेले, कोशाचं रेशीम विणणारे. तोवर त्यांची नजर अधू झाली होती, माग बराचसा बंदच असायचा. पण लेक जहाजावर चालली हे कानावर गेलं आणि ते पुन्हा मागावर बसले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मला म्हणाले, “माही पोरगी जहाजावर जेवाले जाऊन राहिली, जावईबापू. तिनं आपल्याच मागाची साडी नेसली पायजे.”

कोशाची साडी, मधाच्या रंगाची, लाल काठाची, काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. एरवी जितक्या दिवसांत ते एक साडी उतरवायचे त्याच्या कितीतरी पट वेळ त्यांना लागला. धागा तुटायचा, दिसायचा नाही, बोटांनी चाचपून जोडायचे. साडी हातात दिली तेव्हा म्हणाले की ही शेवटची, आता माग उकलतो. आणि उकललाही.

हे सगळं मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी जे केलं ते माहीत नसताना केलेलं नाही.

आता जहाजावरचं. इथं मला थोडं थांबून थांबून सांगावं लागेल.

पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाला मोठी रांग होती. शंभर प्रकारचे पदार्थ मांडलेले, आणि कुंदाला भात कुठे दिसेना. भाताशिवाय आमच्याकडचं माणूस जेवतं का? तिनं वाढणाऱ्याला विचारलं — तिचा आवाज मुळात मोठा, बांधावरून हाक मारायची सवय असलेला — “काहून जी दादा, भात नाई केला का आज?”

रांगेत आमच्यामागे पुण्याकडच्या एका दुकानदाराची बायको होती. ती हसली. हसण्यात वावगं काय? पण मग तिनं ते म्हणून दाखवलं, आपल्या नवऱ्याला, कुंदाचा हेल काढून. “काहून जी दादा.” चार माणसं हसली. कुंदाही हसली, आणि “आमच्याकडं असंच म्हणतेत जी,” असं तिनं मोकळेपणानं सांगूनही टाकलं. तिला वाटलं ओळख होते आहे.

मी काय केलं? मीही हसलो. त्यांच्याबरोबर.

मी कंपनीच्या लोकांशी ‘मले-तुले’ बोलत नाही. केव्हाच सोडलं. नागपूरच्या पहिल्या मीटिंगमध्ये माझ्या लक्षात आलं होतं की ‘मला-तुला’ म्हणणाऱ्याला समोरची खुर्ची मिळते. तेव्हापासून मी शब्द तोलून बोलतो. ते माझं मला जमलं होतं. आणि आता एवढ्या वर्षांची ती मेहनत एका भाताच्या प्रश्नानं उघडी पडली, असं मला वाटलं. दिवसभर ती बाई दिसली की ‘काहून जी’ म्हणायची, आणि कुंदा हात हलवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हा सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावून संध्याकाळच्या जेवणाबद्दल सांगितलं. कुंदा आली नव्हती, ती वर कठड्याजवळ उभी राहून पाणी पाहत होती. तिचं त्या पाण्यानं समाधानच होत नव्हतं. कंपनीच्या माणसानं सांगितलं — पुरुषांनी कोट घालावा, बायकांनी साडी नेसावी किंवा जे छान असेल ते. साडी. त्यानं पहिलं नावच साडीचं घेतलं.

संध्याकाळी मी खोलीत आलो तेव्हा कुंदा तयार होती. साडी नेसून, केस विंचरून, छोट्या आरशासमोर. तुम्हाला सांगतो, ती इतकी — नाही, ते राहू दे. आता तिचं वर्णन करायचा मला काय हक्क? ती वळली आणि तिनं नुसतं मान हलवून विचारलं, कशी दिसते?

आणि मी म्हणालो, “साडी चालत नाही म्हणे इथं. जेवणाला.”

असं ठरवून आलो होतो का? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. जिना उतरताना माझ्या मनात एवढंच होतं की ही त्या टेबलावर बसेल, हाताने जेवेल, मोठ्यानं काही विचारेल, आणि कंपनीचे साहेब ऐकतील. तिनं येऊ नये, एवढंच मला हवं होतं. साडीत काही दोष नव्हता. साडी फक्त हाताशी होती.

“नाई चालत?” ती म्हणाली. “कोशाचीबी नाई?”

“कोणतीच नाही. नियम आहे.”

“मंग मी काय घालू?”

“तुझ्याकडे तसं काही नाहीच ना. राहू दे. मी तोंड दाखवून येतो.”

ती पिना काढायला लागली. मध्येच थांबली, माझ्या कोटाच्या कॉलरवर धागा दिसला तो तिनं उचलला, खांदे नीट केले, आणि म्हणाली, “तुमी जा. तुमाले उशीर होते.” तिला माझ्याबद्दल शंका आली नाही. राग आला तो जहाजाचा. “हे कसं जहाज जी,” एवढंच म्हणाली, “जे साडीले भेते.”

मी गेलो.

तो हॉल साड्यांनी भरलेला होता. पैठण्या, कांजीवरम, काय नव्हतं तिथं? ती पुण्याची बाईसुद्धा साडीतच होती. साहेबांच्या पत्नी — वयानं मोठ्या, शांत — साध्या सुती साडीत आल्या होत्या, आणि त्यांनी आल्या आल्या विचारलं, “वहिनी कुठे आहेत?” मी म्हणालो, “तिला बोट लागली. सकाळपासून उलट्या होताहेत.” हे खोटं किती सहज निघालं तोंडातून! त्यांना वाईट वाटलं. गोळ्या पाठवू का म्हणाल्या. मी नको म्हणालो.

मी पोटभर जेवलो. तेही सांगायला हवं. घास अडकला वगैरे काही नाही. काट्या-चमच्यानं नीट जेवलो, दोन विनोद केले, साहेब हसले. जेवणानंतर त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मी खूश होतो. खोलीत परतलो तर कुंदा घरून आणलेला चिवडा खाऊन झोपली होती, आणि साडी घडी करून पिशवीत गेली होती.

सकाळी नाश्त्याला साहेबांच्या पत्नी मुद्दाम आमच्या टेबलाशी आल्या. मला उठायलाही वेळ मिळाला नाही. त्या कुंदाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “आता बरं वाटतंय का? उलट्या थांबल्या? काल आम्ही सगळ्या अगदी नटून साड्या नेसून आलो होतो, तुमचीच कमी होती.”

कुंदानं माझ्याकडे पाहिलं.

किती वेळ पाहिलं? फार नाही. एक घोट चहा प्यायला लागतो तेवढा. पण त्या वेळात तिनं सगळं जुळवलं — साडी, नियम, उलट्या, रांगेतलं हसणं, सगळं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत गेलं. आणि मग ती साहेबांच्या पत्नीकडे वळून म्हणाली, “हो, आता बरं आहे मला. काल डोकं गरगरत होतं.”

मला, म्हणाली. मले नाही.

तिनं मला वाचवलं, असं तेव्हा मला वाटलं. मी भांडणाची वाट पाहत राहिलो. जहाजावर, मग मुंबईच्या स्टेशनवर, मग गाडीत. गाडीत तिनं संत्री सोलून दिली. फोडीवरचे धागेही काढून दिले. मी खात राहिलो. एक शब्द बोललो असतो तर? बोललो नाही. ती गप्प आहे तर कशाला उकरा, असा हिशेब केला.

पंधरवड्यानं आम्ही आंधळगावला गेलो. मामाजी ओसरीत बसले होते. नजर जवळपास गेलेलीच. लेकीचा हात धरून त्यांनी पहिलं तेच विचारलं, “नेसली होती का वं? काय म्हनत होते लोकं?”

मला वाटलं, आता ती सांगणार, आणि सांगायलाच हवं.

कुंदानं सांगितलं. दिवे कसे होते, टेबलं कशी मांडली होती, ती साडी नेसून आत गेली तेव्हा बाया कशा वळून पाहत होत्या. एका बाईनं काठ हातात घेऊन विचारलं, हे कुठलं काम? “मी सांगतली, आंधळगावचं. माह्या बापाच्या हातचं.” जे हॉलमध्ये झालं नव्हतं ते सगळं तिनं त्यांच्यापुढं उभं केलं. तिनं तो हॉल पाहिलासुद्धा नव्हता. घरी आल्यावर मी शेजाऱ्यांना जे तुटक तुटक सांगितलं होतं त्यातूनच तिनं ते रचलं. मामाजी नुसते मान डोलवत होते. मग त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं.

“खरं काय, जावईबापू?”

“हो, मामाजी,” मी म्हणालो. “सगळ्यांत उठून दिसत होती.”

कुंदा उठून पाणी आणायला आत गेली.

मामाजींनी ते आळीभर सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. तेरवीला त्यांच्याबरोबरचे एक म्हातारे विणकर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, “बुवा मरेपर्यंत तेच सांगे. म्हने, जहाजावरच्या बायाइनं माहा काठ हातात घेऊन पायला.” ते मला सांत्वन म्हणून सांगत होते. मी हात जोडले. दुसरं काय करणार होतो?

कुंदा आणि मी कधी त्यावर बोललो नाही. ती घर सांभाळते, दुकानावर बसते, माझी औषधं वेळेवर देते. आल्या-गेल्याशी, गिऱ्हाइकांशी, मुलीशी ती पहिल्यासारखीच बोलते, पहिल्यासारखंच मोठ्यानं हसते. फक्त माझ्याशी ‘मला’, ‘तुम्हाला’, ‘का बरं’. स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखं. लोकांना वाटतं, बायको किती आदरानं बोलते. परक्या माणसाशी बोलावं तसं ती माझ्याशी बोलते, आणि एकदाही चुकत नाही.

चूक माझी बोली लपवण्याची होती, किंवा त्या पुण्याच्या बाईची होती, असं मी मनात म्हणून पाहिलं आहे. त्यात दम नाही. ती बाई हसली आणि विसरली. दार मी बंद केलं.

यंदा कंपनीनं पुन्हा नेलं. जहाजावरच. मी कुंदाला विचारलं, येतेस का? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्ही जाऊन या. मला नाही जमणार.”

आणि ती नाही म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. इतकं सगळं होऊनही — बरं वाटलं. मी कोट इस्त्रीला दिला.