पुंजारामचा बेलभंडार

घनसावंगीच्या पलीकडे आमच्या गावात खंडोबाची पूजा पुंजारामच्या घराकडे आहे. सत्तरी उलटली, गुडघे गेले, तरी देवळाच्या पायऱ्या रोज तोच झाडतो. गावात एखादं भांडण मिटेनासं झालं की दोघांना त्याच्यापुढे उभं करतात. तो ज्याच्या तळहातावर बेलाचं पान आणि भंडारा ठेवील त्याने देवाकडे बघून शपथ घ्यायची, आणि पुढे कुणी चकार शब्द काढायचा नाही. चाळीस वर्षांत त्याने हे पाच-सहा वेळाच होऊ दिलं. बाकीच्यांना दिवस दिवस ओट्यावर बसवून ठेवलं. ती माणसं कंटाळून, घाबरून आपापसात मिटवून घरी गेली. आम्ही शिकलेली माणसं याला हसायचो. मी तर शाळेचा मास्तर, जरा जास्तच हसायचो.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पुतण्याने, संपतने, बांध चार हात सरकवला. पुंजारामच्या विहिरीची वाट त्या चार हातांतूनच होती. बांधाचा दगड पुंजारामने स्वतः धाकट्या भावासोबत, म्हणजे संपतच्या बापासोबत रोवलेला, पण तो भाऊ आता नाही. मोजणीची तारीख दोनदा पुढे गेली. हेलपाटे घालून म्हातारा थकला आणि पंचांसमोर बोलून बसला, की संपतने बेलभंडार उचलला तर बांध त्याचा. खोटी शपथ घ्यायला कुणी धजणार नाही, असं त्याला वाटलं. भाबडेपणा, दुसरं काय! मी पंचांत होतो, मला तेव्हाच राग आला होता.

रविवारी सकाळी संपत अंघोळ करून आला आणि त्याने सरळ हात पुढे केला. पुंजारामने पान उचललं, भंडाऱ्याची चिमूट घेतली आणि तसाच थांबला. जमीन चालली म्हणून हात अडलाय, असंच सगळ्यांना वाटलं.

"बांध तुझा, संपत," तो म्हणाला. "घे. पण हे म्या तुझ्या हातावर ठेवणार न्हाई."

पान देवापुढे परत ठेवून तो भिंतीला टेकून बसला.

माणसं पांगल्यावर मी त्याला नको नको ते बोललो. खोटं संपत बोलत होता, पाप त्याला लागलं असतं, तुझं काय जात होतं?

"गुरुजी, माझ्या भावाचं लेकरू हाये ते. चार हातासाठी त्याला माझ्याच हातानं देवाच्या तोंडी देऊ का?"

मला लाज वाटली, खरं सांगतो.

किंमत मोजली ती त्याच्या बायकोने, मालनबाईने. ओढ्याकडून वळसा घालून, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन ती विहिरीवरून यायची. आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली तेही थकली म्हणूनच.

पेरणी झाली. एके दिवशी मी त्या दोघांसोबत शेतात गेलो. संपतने सगळीकडे कपाशी लावली होती, ते चार हात मात्र सोडले होते. तिथे नुसतं गवत माजलं होतं.

"अहो, त्यानं पेरलं न्हाई," मालनबाई म्हणाली. "इथूनच जाऊ आता."

पुंजारामने त्या गवताकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले.

"भ्यालं गं लेकरू," तो म्हणाला. "आता शहाणं व्हईल. पण बांध दिलाय म्या त्याला."

मग गुडघ्यावर हात ठेवून तो ओढ्याच्या वाटेला लागला.