दहा नंबरची लेन्स आणि लिंबाचा काटा

लिंबाचं पान चुरगळलं की त्या वासासरशी मला धुळ्याच्या आमच्या गच्चीवरचा तो प्रकार आठवतो आणि अजून चिडचिड होते. बायकोच्या कुंडीतल्या लिंबाला पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या आणि एक हिरवीगार अळी त्याचा पाला फस्त करत होती. बायको चिमटा घेऊन धावली तर मीच आडवा आलो, "थांब, आधी फोटो!" पण कॅमेऱ्यापुढे लावायची क्लोजअप लेन्स चार नंबरची घ्यावी की दहाची, हेच ठरेना. जळगावचा दुकानदार फोनवर वैतागला, "भाऊ, चारची लांबून चालते. दहानं अळी मोठी दिसेल, पण पार नाक टेकवावं लागेल. कोणती पाठवू?" मी म्हणायचो, "उद्या सांगतो." शेजारच्या अक्का डोकावून ओरडल्या, "भाऊ, बठ्ठा पाला खाई गई ती, सगळा!" शेवटी दहाची मागवली. ती आली तेव्हा अळी गायब, कळ्या गळालेल्या आणि झाडाच्या नुसत्या काड्या. "आता काट्यांचे फोटो काढा, ते कुठं पळत नाहीत," बायको म्हणाली. काढायला गेलो, तर काटा नाकालाच टोचला. आता लिंबाला पुन्हा पालवी आहे. अळी दिसली की बायको ती चिमट्यात धरते आणि टाकण्याआधी मला विचारते, "ठरला का नंबर?"