कोकिळाबाईंची किनार

गोधडी शिवावी तर आमच्या कोकिळाबाईंनी, आणि जळावं तेही त्यांनीच. या दोन्ही कामांत त्यांचा हात धरणारं हरिहरेश्वरापासून माणगावापर्यंत कुणी नाही. गावातली निम्मी पोरं त्यांच्या दुपट्यांवर लोळून मोठी झाली. धाकट्या जावेला, कमळला, सुई धरायला त्यांनीच शिकवलं. तेवढी एक चूक त्यांना अजून सलते.

यंदा बचत गटाने ठरवलं, अख्खं गाव एका मोठ्या गोधडीवर मांडायचं आणि ती समाजमंदिरात टांगायची. बंदर, भातखाचरं, नारळीच्या वाड्या आणि मधोमध शिमग्यात खांद्यावर नाचवतात ती देवीची पालखी. घराघरातून जुनी लुगडी आली. पालखी आपल्याचकडे येणार म्हणून कोकिळाबाईंनी लाल लुगडं धुऊन, वाळवून तयार ठेवलं होतं. पण गटाची अध्यक्ष शिवानी म्हणाली, "पालखी कमळकाकी करतील. तुमचा टाका बारीक हाय, तुमी किनार घ्या."

किनार! कोकिळाबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडाने "बरं" म्हणाल्या आणि मनाशी ठरवलं, बघणाऱ्याची नजर किनारीवरून हलता कामा नये. मग काय विचारता! ओळीला ओळ चिकटून, तांदळाएवढे टाके. शेजारी कुणी कमळच्या पालखीला छान म्हटलं, की यांचा दोरा आणखी जोरात ओढला जायचा. आणि छान म्हणणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या.

गोधडी पुरी झाली, अंथरली, तर मधेच फुगलेली. कडेला दोरा आवळला आणि मधे सैल राहिला की असं होतंच. दोरा सगळीकडे सारखा ओढावा, हे कमळला शिकवणाऱ्या कोकिळाबाईच. कमळ हळूच म्हणाली, "ताई, किनारीच्या दोन ओळी उसवू या का? मधे फुगलंय."

"तुझं फुगलंय, तू बघ. माझ्या टाक्याला हात लावायचा न्हाय!"

मनातून त्यांना उकळ्या फुटत होत्या. पालखीला पोक आलेलं सगळ्या गावाला दिसू दे, एवढीच त्यांची इच्छा. मी तिथेच दोरा ओवत बसले होते, मला त्यांचा चेहरा वाचता येतो.

गोधडी समाजमंदिराच्या भिंतीवर चढली. गाव जमलं. ढोल वाजवणारा चंदर पुढे आला आणि ओरडलाच, "आरं, पालखी नाचतेय!"

खरंच नाचत होती. फुगलेलं कापड भिंतीपासून सुटून पुढे आलं होतं आणि खिडकीतल्या वाऱ्याने हलत होतं. म्हाताऱ्यांनी हात जोडले. पालखी कुणाची, म्हणून विचारणा झाली आणि सगळी बोटं कमळकडे वळली. किनारीकडे एकानेही पाहिलं नाही. कोकिळाबाईंचा चेहरा बघवत नव्हता.

तेवढ्यात कमळ म्हणाली, "न्हाय ओ, माझं कायच न्हाय. ताईंनी कडेचा दोरा आवळून धरला, म्हणून ती नाचतेय. हे त्यांनाच जमतं."

टाळ्या पडल्या. शिवानीने कोकिळाबाईंना पुढे ओढून नारळ दिला. त्यांनी तो घेतला, हसल्यासुद्धा.

घरी परतताना मी म्हटलं, "काय हो, झालं ना मनासारखं?"

कोकिळाबाईंनी नारळ माझ्या हातात कोंबला.

"मेलीनं चांगुलपना पन माझ्यासाठी ठेवला न्हाय."