शिवलकर बाईंच्या टेपा

शिवलकर बाईंकडे कोणीही गेलं तरी आधी खोलीबाहेरच्या बाकावर बसावं लागे. मग तो आमच्या कचेरीतला शिपाई असो, साहेब असोत, नाहीतर दिल्लीहून आलेले पाहुणे असोत. बाई दार किलकिलं करून नुसतं तोंड बाहेर काढायच्या, समोरच्याला कपाळापासून पावलांपर्यंत न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "घाम वाळू दे. मग ये." की दार बंद.

मी पहिल्यांदा गेले तो मे महिना होता. भाट्याच्या किनाऱ्याकडून वारा येत होता, पण तोही ओलाच. बाकावर मी पाऊण तास बसले असेन. शेवटी दार उघडलं.

"कुठली गो तू?"

"चिपळूणची."

"बाजारपेठेतली?"

"हो."

"म्हणजे घरात पाणी शिरलेलं बघितलं असशील."

मी दोनदा बघितलं होतं. पहिल्या वेळी मी नऊ वर्षांची होते. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर बाबांनी आईच्या लग्नाचे फोटो दोरीवर वाळत घातले होते आणि वाळता वाळता त्यांतली माणसं ओघळून गेली होती. हे मी बाईंना का सांगितलं कोण जाणे. नोकरीच्या पहिल्या दिवशी असं काही सांगायचं नसतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दार पुरतं उघडलं. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या, "इथे पाण्याला भिणारीच माणसं हवीत."

आमची संस्था समुद्राची मोजमापं ठेवते. भरती-ओहोटी, पाण्याची उष्णता, खारटपणा, लाटांची उंची, किनाऱ्याची रेघ. ही सगळी मोजमापं संगणकात जातात आणि तिथून चुंबकीय टेपांवर उतरतात. संगणक बंद पडतो, बदलतो, कधी त्याला व्हायरसची बाधा होते. टेप मात्र कपाटात कुणाशी न बोलता उभी असते. त्या उभ्या असलेल्या टेपा सांभाळणं हे बाईंचं काम.

त्या खोलीत शिरलं की आधी कान बदलायचे. बाहेरचा रिक्षांचा, कावळ्यांचा, साहेबांच्या फोनचा आवाज एकाएकी दूर जायचा आणि उरायची ती नुसती यंत्रांची घुमघुम. गार, कोरडी, किंचित निळसर हवा. भिंतीला लागून कपाटं आणि त्यांत पुस्तकांसारख्या उभ्या टेपा. समुद्र खिडकीतून दिसायचा, पण दुहेरी काचेमुळे त्याचा आवाज यायचा नाही. लाटा नुसत्याच उठायच्या आणि मोडायच्या. मला कितीदा वाटायचं, की आपण पाण्याखाली आहोत आणि कोरडं जग तिकडे बाहेर आहे. प्रत्यक्षात अगदी उलटं होतं. रत्नागिरीच्या आषाढात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, आणि बाईंच्या खोलीत कागद करकरीत असायचा. हवेतलं पाणी ओढून घेणारं एक यंत्र तिथे होतं. त्याची बादली दिवसातून दोनदा भरायची. बाई ती स्वतः उचलून मागच्या सोनटक्क्याला घालायच्या.

टेपांबद्दल त्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायच्या. दुसऱ्या इमारतीतून एखादी टेप आली की मी लगेच यंत्रात घालायला जायची. बाई हात धरायच्या. "बाहेरून आली ती. उद्यापर्यंत बसू दे तिला. दारातून आलेल्या माणसाला कोण लगेच कामाला जुंपतं?" एखादी टेप कुणाच्या हातून पडली, तर वरून काही झालेलं दिसत नसलं तरी ती वेगळी काढायच्या. "पडलेल्या माणसाला कुठे लागलं ते लगेच कळत नाय," म्हणायच्या. टेपा आडव्या ठेवलेल्या त्यांना खपत नसत. स्पीकर, पंखा, मोटर यांतलं काहीही कपाटाजवळ आलेलं चालत नसे, कारण लोहचुंबक जवळ आला की टेपेवरचं लिखाण पुसतं. एकदा साहेबांनी कौतुकाने खोलीच्या दारावर गणपतीचं चुंबकाचं चित्र लावलं. बाईंनी त्याला नमस्कार केला, ते काढलं आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "देवाला म्हटलं, तिकडे बसा."

दर आठवड्याला त्या टेपांची दुसरी प्रत वर सड्यावर, टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या आमच्या जुन्या इमारतीत पोचवायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, इतकी वर्षं काही झालं नाही."

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या.

माझ्या नोकरीला सात-आठ वर्षं झाल्यानंतरची गोष्ट. एक दिवस बाकावर दत्ताराम खवळे येऊन बसले. सत्तरीचे, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. खाडीपलीकडच्या आडबंदरचे मच्छीमार. आत यायला त्यांनी नकार दिला, म्हणून बाईच बाहेर गेल्या.

"आमच्या वाडीसमोर माडांच्या तीन रांगा होत्या," दत्ताराम म्हणाले. "तिन्ही समुद्रानं नेल्या. आता पाणी सतरा घरांच्या पडवीला लागतंय. आम्ही बंधारा मागतोय, तर सरकारी माणूस विचारतो, तीन रांगा होत्या याला पुरावा काय? आता माडांचा पुरावा कुठून आणू? तुमच्या हापिसातली माणसं तेव्हा मोजणीच्या साखळ्या घेऊन आलेली मला आठवतंय. मी त्यांना शहाळी काढून दिलेली."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दत्तारामांना उद्या यायला सांगितलं, आत आल्या आणि बराच वेळ बादलीकडे पाहत उभ्या राहिल्या.

ती मोजणी खरी होती. बाई तेव्हा एकवीस वर्षांच्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या. रत्नागिरीत संगणक नव्हता. मोजणीचे कागद घेऊन त्या सहा महिने मुंबईच्या कचेरीत राहिल्या, एकेक आकडा स्वतः टाइप केला आणि ताटलीएवढ्या चार गोल टेपा एसटीत मांडीवर घेऊन परत आल्या. मूळ कागद पुढे वाळवीने खाल्ले. त्या चार टेपा मात्र होत्या. पण बाईंच्या थंड खोलीत नव्हत्या. खोली व्हायच्या आधीची दहा-बारा वर्षं त्या तळमजल्याच्या कोठारात पडून होत्या, आणि खोली झाल्यावर त्या वाचणारं जुनं यंत्रच बिघडलं होतं.

"दुरुस्त करून घेते, मग नव्या टेपेवर उतरवते, असं म्हणत राहिले," बाई म्हणाल्या. "दर वर्षी म्हटलं. सगळ्यांना शहाणपण शिकवलं गो मी, आणि माझ्याच हातच्या चार तशाच ठेवल्या."

पुण्याहून एक निवृत्त इंजिनिअर आले. त्यांनी दोन दिवस खपून जुन्या यंत्राचा पट्टा बदलला आणि पहिली टेप चढवली. टेप दोन हात सरकली असेल-नसेल आणि किंचाळली. खरंच किंचाळली, दुसरा शब्द नाही. बाईंनी झडप घालून बटण बंद केलं. यंत्राच्या तोंडावर तपकिरी चिकट राप बसला होता. इंजिनिअर म्हणाले, "ओल खाऊन आतला गोंद चिकटलाय. अशीच ओढली तर सगळं लिखाण खरवडून निघेल. मंद उबेवर दिवसभर ठेवली तर गोंद काही दिवस धरतो. तेवढ्यात एकदा वाचून घ्यायची. पण ऊब पन्नास अंशांच्या पुढे जाता कामा नये, आणि मध्येच कमी-जास्तही होता कामा नये." प्रयोगशाळेतली भट्टी सत्तरीला उडी मारायची. पुण्याला न्यायचं तर प्रवासात काय होईल सांगता येत नव्हतं.

बाईंनी वहीत पन्नासचा आकडा लिहून घेतला. मग म्हणाल्या, "आमच्या नणंदेकडे आंबापोळीचं ड्रायर आहे."

इंजिनिअर हसले. बाई हसल्या नाहीत.

तो दिवस माझ्या मनात आजही नीट उभा राहत नाही, वाफेतून पाहिल्यासारखा दिसतो. हंगाम नुकताच संपला होता. नणंदेच्या शेडमध्ये पोळीच्या थाळ्या धुऊन उभ्या केलेल्या, पण वास अजून तसाच. बाईंनी ड्रायर आदल्या दिवशी स्वतः पुसून, रिकामं चालवून, दर अर्ध्या तासाचं तापमान वहीत लिहून ठेवलं होतं. चार टेपा आत गेल्या. बाई काचेसमोर खुर्ची टाकून बसल्या. दर तासाला त्या दार उघडत, टेपा हलक्या हाताने फिरवत, पुन्हा बसत. दत्ताराम सकाळपासून उंबऱ्यावर होते. बाहेर रिपरिप पाऊस, आत हापूसचा गोड, जड वास आणि गरम वाऱ्याची एकसारखी फुंकर. दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा दोघं हळू आवाजात बोलत होती.

"पहिल्या रांगेत बावीस माड होते," दत्ताराम सांगत होते. "टोकाचा वाकडा. त्याला आम्ही आडवा म्हणायचो."

"मला आकडेच माहीत," बाई म्हणाल्या. "मी आडबंदर कधी बघितलं नाय. सहा महिने रोज तुमचा किनारा टाइप करत होते, पण बघितला नाय."

"मग या की."

"आधी हे होऊ दे."

टेपा एक दिवस निवू दिल्या. मग पहिली चढवली. किंचाळली नाही. पडद्यावर आकड्यांच्या ओळी येऊ लागल्या, आणि बाई त्या ओठांतल्या ओठांत वाचू लागल्या. दुसरी वाचली गेली, तिसरीही. चौथी मात्र मध्यावर आली आणि लिखाण पापुद्र्यासारखं सुटून खाली पडायला लागलं. यंत्र थांबवेपर्यंत जे जायचं ते गेलं. बाईंनी ती टेप सोडवून खिडकीपाशी नेली. लिखाण गेलेली फीत काचेसारखी पारदर्शक झाली होती. तिच्यातून पलीकडचा समुद्र दिसत होता, थोडा पिवळसर.

"दोन वर्षांची मोजणी होती हिच्यात," एवढंच त्या बोलल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

तीन टेपा पुरल्या. माडांची बाहेरची रांग त्या काळच्या भरतीरेषेपासून किती आत होती ते आकड्यांनिशी निघालं. अर्ज, पाहण्या, पुन्हा अर्ज यांत दोन पावसाळे गेले. त्यातल्या दुसऱ्यात तीन घरं पडली, माणसं आधीच हलवली होती म्हणून वाचली. तिसऱ्या वर्षी बंधारा झाला. उरलेली चौदा घरं आज उभी आहेत.

बंधारा झाल्यावर बाई आणि मी आडबंदरला गेलो. दत्तारामांनी मुद्दाम अमावास्येची मोठी ओहोटी साधून बोलावलं होतं. पाणी दूर गेलं होतं. ओल्या वाळूत काळे, बुटके खुंट ओळीने वर आले होते. माडांची बुडखं. वर्षातून दोन-चार वेळाच दिसतात म्हणे. बाईंनी चपला काढल्या आणि एकेका खुंटाला हात लावत चालत गेल्या. त्यांच्या ओठांत काही चाललं होतं, आकडे असावेत. शेवटच्या खुंटाशी पाणी गुडघ्यापर्यंत होतं. तिथे त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की दत्ताराम मला म्हणाले, "भरती लागेल हां आता, बोलवा त्यांना." मला बोलवावंसं वाटेना. आयुष्यभर ओलीशी भांडलेली बाई समुद्रात उभी होती आणि लाटांनी तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं.

त्यानंतर बाईंना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्या दीड वर्षात त्यांनी खोलीतली प्रत्येक जुनी टेप नव्या टेपेवर उतरवली, आणि प्रत्येक वेळी मला शेजारी बसवलं. "टेप कपाटात ठेवली म्हणजे जपली असं नाय," म्हणायच्या. "ती वाचणारं यंत्र म्हातारं व्हायच्या आत पुढच्या टेपेवर न्यायची. पोचवत राहायची. आपलं काम तेवढंच." निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. शेवटच्या दिवशी पाचला दार ओढून घेतलं, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या.

गेल्या वर्षी, गणपतीनंतर, त्या आजारी पडल्या. मी रुग्णालयात गेले तेव्हा बोलायला दम लागत होता. मी खोलीतल्या हकिकती सांगितल्या. त्या वर्षी सगळ्या टेपा पुन्हा नव्यांवर उतरवल्या, दुसरी प्रत सड्यावर पोचली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, झोप लागली.

"नंदा," त्या म्हणाल्या, "तुझ्यानंतर कोण?"

 कोणी नव्हतं. साहेबांना मी तीनदा विचारलं होतं, तिन्ही वेळा पुढे बघू म्हणाले होते. "अजून कोणी नाही बाई," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. रागावल्या नव्हत्या. माझ्या मनगटावर हात ठेवला आणि किंचित हसल्या.

"मग तुला एवढ्यात मरता यायचं नाय गो," त्या म्हणाल्या.

आठव्या दिवशी बाई गेल्या. तेरावा झाल्यावर सोमवारी मी चौथ्यांदा साहेबांकडे गेले आणि माझ्या हाताखाली शिकायला माणूस मिळाल्याशिवाय खुर्चीतून उठले नाही.